एका लाइनीवर अख्खं घर

१७२२२२. वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावात ज्यांच्या घरी २००० नंतरच्या चार-पाच वर्षांत कॉम्प्युटर आला, त्यांच्यापैकी अनेकांना हा आकडा अजून पाठ असेल. बीएसएनएलच्या 'नेटवन' सेवेचा हा नंबर. खातं उघडायला नको, कार्ड आणायला नको. घरच्या फोनवरून मॉडेमनं तो फिरवायचा, जोडणी लागली की वापराचे पैसे फोनच्या बिलात चढायचे. ज्यांच्याकडे संचारनेटचं खातं होतं ते १७२२३३ फिरवत. मग तो प्रसिद्ध आवाज यायचा, खरखर, किरकिर आणि मध्येच एक लांब शीळ. दोन टोकांची मॉडेमं एकमेकांना विचारत असायची की या तारेवर तुला किती वेगात बोलता येईल.

त्या आवाजाचा घरातल्या माणसांसाठीही एक अर्थ होता. आता फोन उचलायचा नाही. पुढच्या खोलीत फोन, मागच्या खोलीत कॉम्प्युटर आणि दोन्हींना एकच लाइन. कुणी पॅरलल फोनचा रिसीव्हर नुसता उचलला तरी जोडणी तुटायची. मग आतून आरोळी, "फोन नको उचलू बे, नेट सुरू हाय!" कॉल वेटिंगची सुविधा घेतलेल्यांची आणखी पंचाईत, कारण मधूनच येणारा तो 'टीक' आवाज मॉडेमला कळत नसे आणि अर्धं उतरवलेलं सगळं वाया जाई. ज्यांची मुलं पुण्या-मुंबईला शिकायला, ते आईबाप रात्री साडेनऊला फोनपाशी बसलेले असत. तेव्हा इंटरनेटची पाळी त्यानंतर.

लाइन वाटून घेण्याची सवय आपल्याकडे त्याहून जुनी. लग्नपत्रिकेवर, दुकानाच्या पावतीवर नंबराच्या पुढे 'पी.पी.' लिहिलेलं असायचं. फोन शेजाऱ्याचा, निरोप आपला. शेजारचं पोरगं पळत येऊन सांगायचं, "काकू, तुमचा फोन आला, होल्डवर हाय." वर्धा जिल्ह्यात याच्या अगदी उलटं उदाहरणही आहे. व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी गांधीजींशी थेट बोलता यावं म्हणून सेवाग्राम आश्रमात बसवलेला टेलिफोन तिथे अजून पाहायला मिळतो. एका माणसासाठी एक लाइन. आपली तऱ्हा एका लाइनीवर अख्ख्या आळीची, आणि डायल-अपच्या काळातली घरातली भांडणं हा त्याचाच पुढचा अंक.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ला, विदेश संचार निगमाकडून, मोजक्या महानगरांत. ग्राफिक पानं दिसणारं वैयक्तिक खातं २५० तासांना १५ हजार रुपये, वेग ९.६ किलोबिट. विद्यार्थ्यांना ५०० रुपयांत नुसत्या अक्षरांचं खातं मिळे. पुलगावातून ते वापरायचं म्हणजे मुंबईला एसटीडी लावायची, आणि तीही रात्री उशिरा पाव दर सुरू झाल्यावर. नोव्हेंबर १९९८च्या इंटरनेट धोरणानं खासगी कंपन्यांना दार उघडलं. पुढे १७२ने सुरू होणारे नंबर आले आणि लहान गावातूनही स्थानिक कॉलच्या हिशेबात इंटरनेट लागू लागलं. आमच्याकडे खरी सुरुवात तिथून.

तेव्हा वेग का कमी होता, हे थोडं समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. टेलिफोनची लाइन माणसाच्या बोलण्यासाठी बेतलेली, साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ. त्या अरुंद पट्ट्यात आकडे आवाजाच्या रूपानं कोंबायचे. एक्स्चेंजमध्ये हा आवाज सेकंदाला ८ हजार वेळा मोजला जातो आणि प्रत्येक मोजणीला ८ बिट लागतात, म्हणजे ६४ किलोबिट. टेलिफोनच्या आवाजी वाटेची ही कमाल मर्यादा. १९९८च्या व्ही.९० मॉडेमवर ५६ हा आकडा छापलेला असे, तो त्यातूनच काटछाट करून आलेला, आणि तोही फक्त येणाऱ्या माहितीसाठी. जाणाऱ्या माहितीला ३३.६. शिवाय ५६ मिळायला पलीकडचं टोक थेट डिजिटल हवं, मधली तांब्याची जोडी कोरडी हवी, खांबावरच्या डीपी बॉक्समधल्या जोडण्या गंजलेल्या नकोत. पावसाळ्यात भिंतीवरचं रोझेट उघडून तारा पुसणं हे आमच्याकडे इंटरनेट दुरुस्तीचं पहिलं पाऊल होतं. आणि दुसरं, वीज कडाडली की आधी टेलिफोनची वायर ओढून काढायची. विदर्भातल्या मृगाच्या पावसानं किती मॉडेमं जाळली, याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. कॉम्प्युटर दुरुस्तीची दुकानं मात्र त्यावर बरीच चालली.

आणखी एक अडचण. परदेशी मॉडेमला आपल्या एक्स्चेंजचा डायल टोन ओळखू येत नसे. पडद्यावर 'नो डायल टोन', आणि रिसीव्हर कानाला लावला तर टोन खणखणीत. उपाय म्हणजे सेटिंगमध्ये 'एक्स३' टाकायचं, म्हणजे टोनची वाट न पाहता नंबर फिरव, असा हुकूम. १९८१च्या हेज कंपनीच्या मॉडेमपासून चालत आलेली ही हुकमांची भाषा. घरोघरी जाऊन एवढं एक अक्षर-आकडा टाकून देणारी पोरं गावात 'कॉम्प्युटर इंजिनिअर' म्हणून ओळखली जात.

एका लाइनीवर एकापेक्षा जास्त यंत्रं बसवायची, ही कल्पना आधी धंद्यात आली. सायबर कॅफेत मॉडेम एक, कॉम्प्युटर चार-सहा. मधल्या यंत्रावर 'विनगेट' नावाचं सॉफ्टवेअर आणि हबमधून निघालेल्या निळ्या-करड्या वायरी. १९९९च्या विंडोज ९८ दुसऱ्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टनं ही सोय आतच दिली. ज्याच्यावर मॉडेम ते यंत्र दारात उभं राहतं, बाकीचे त्याच्यामार्फत बाहेर जातात. तासाला तीस-चाळीस रुपये मोजून बसलेल्या गिऱ्हाइकांना आपण सहा जण मिळून एकाच टेलिफोनवर आहोत हे ठाऊक नसे. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी मात्र कळून चुकायचं. मालक मग सगळ्यांना उठवून स्वतः एका यंत्रावर बसे, आणि बैठक क्रमांकांची चिठ्ठी घेऊन एकेक निकाल काढी. वाटपाचं शास्त्र त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं, पण निर्णय बिनचूक होता.

आणि बिनतारी? त्याची सुरुवात मला फार मजेशीर वाटते. २१ जुलै १९९९ला न्यूयॉर्कमध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी आयबुक लॅपटॉपबरोबर 'एअरपोर्ट बेस स्टेशन' दाखवलं. उडत्या तबकडीच्या आकाराचा डबा, किंमत २९९ डॉलर. घराघरात वाय-फाय नेणारं हे पहिलं गाजलेलं यंत्र. आणि त्याच्या पोटात काय होतं? ५६ केचं मॉडेम. म्हणजे वाय-फायच्या पहिल्या गाजलेल्या डब्याचं एक ठरलेलं काम डायल-अपची लाइन घरभर हवेतून वाटणं हेच होतं. हवेत ११ मेगाबिट, तारेत जेमतेम ५० किलोबिट.

आपल्याकडे डायल-अप आणि वाय-फाय यांची गाठ पडलीच नाही. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा, ज्यावर वाय-फाय चालतं, त्यातल्या कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्यातून मोकळीक देणारी अधिसूचना निघाली जानेवारी २००५मध्ये. आणि १४ जानेवारी २००५ला बीएसएनएल आणि एमटीएनएलनं ब्रॉडबँड सुरू केलं, २५६ किलोबिटपासून. एकाच महिन्यात एकाला वाट मिळाली आणि दुसऱ्याला रजा. पुलगावसारख्या गावांना ब्रॉडबँड पोहोचायला पुढे वेळ लागला, पण राउटर घरात आला तो त्याच्याबरोबरच. फोन उचलला तरी नेट तुटत नाही, हे लोकांना वेगापेक्षा मोठं वाटलं. भिंतीवर आवाज आणि नेट वेगळं करणारा स्प्लिटर लागला आणि घरातली आरोळी बंद झाली.

तेव्हा न पडलेली गाठ आता पाडून पाहायची, असं २०२५च्या पावसाळ्यात मनात आलं. निमित्त अमेरिकेतल्या बातमीचं. एओएल कंपनी ३० सप्टेंबर २०२५ला आपली डायल-अप सेवा बंद करणार होती. तिकडच्या जनगणना खात्याच्या २०२३च्या अंदाजाप्रमाणे अजून सुमारे १ लाख ६३ हजार घरं फक्त डायल-अपवर होती.

अडचण अशी की आमच्या घरी आता फायबर आहे. फोन फायबरच्याच डब्याला लावलेला, आवाज इंटरनेटची पाकिटं होऊन जातो. माणसाला फरक कळत नाही. मॉडेमला लगेच कळतो. एखादं पाकीट हरवलं, क्षणभर उशीर झाला, आवाज दाबून लहान केला, की त्याची भाषा तुटते. म्हणून पर्याय निवडला इंटरकॉमचा. बंद पडलेल्या ऑफिसांतून निघणारे इंटरकॉमचे छोटे डबे, म्हणजे ईपीएबीएक्स, नागपूरच्या जुन्या बाजारात मिळतात. एका एक्स्टेन्शनला एक मॉडेम, ते उचलणारं. त्याच्यामागे रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक, फायबरला जोडलेला. हे झालं आमचं खासगी १७२२२२. दुसऱ्या एक्स्टेन्शनला दुसरं मॉडेम, दुसरा पाय, आणि त्याचंच वाय-फाय घरभर सोडलेलं. फिरवायचा नंबर २१. 'एक्स३' इथेही टाकावंच लागलं! दोन्ही टोकं अॅनालॉग असल्यानं ५६चा प्रश्नच नव्हता, कमाल ३३.६. जोडणी लागली ३१.२वर. सेकंदाला साडेतीन किलोबाइट धरा.

हा दुसरा, मधला पाय नेमकं काय करतो, हे पुलगावकराला सांगायला सोपं आहे. आर्वीहून येणारी नॅरोगेज आठवा. अडीच फुटी रुळांची, १९१७ची, ३५ किलोमीटरची. आर्वीचा कापूस त्या छोट्या गाडीतून पुलगावात यायचा आणि इथे उतरवून मुंबई-हावडा मार्गावरच्या मोठ्या डब्यांत चढवायचा. मोठ्या रुळांवर कितीही डबे उभे राहोत, माल येणार छोट्या गाडीच्या चालीनं. मधल्या फलाटावर कुणाची गासडी आधी, कुणाची नंतर, हे ठरवणारा माणूस मात्र हवाच. आमच्या प्रयोगात सगळा घोळ झाला तो या माणसाच्या जागी.

शेजारच्या नाचणगावहून ताई आणि भाचा आले होते. भाच्यानं फोन वाय-फायला जोडला. चिन्ह पूर्ण भरलं, शेजारी उद्गारचिन्ह आलं, आणि फोन गुपचूप मोबाइल डेटावर परतला. "मामा, हे काऊन गोल गोल फिरून राहिलं जी?" कारण पाहिलं तर गंमत. अँड्रॉइड फोन कुठल्याही वाय-फायला जोडला की आधी गूगलच्या एका पत्त्यावर हाक मारून पाहतो, इंटरनेट खरंच आहे का म्हणून. अपेक्षित उत्तर अगदी रिकामं, दोन-चार ओळींचं. तेवढंही ठरलेल्या वेळात आलं नाही, तर त्याच्या लेखी इंटरनेट नाही.

उत्तर का आलं नाही? लाइन आधीच भरली होती. कुणी काही उघडलेलं नव्हतं. ताईचा फोन ओट्यावर पडलेला, टीव्ही बंद म्हणजे लाल दिवा लागलेला, लॅपटॉप झाकलेला. पायवर नोंदी पाहिल्या तर टीव्ही आपली नवी आवृत्ती मागत होता, लॅपटॉप सकाळपासूनचे अपडेट, ताईचा फोन लग्नातले फोटो वर चढवत होता. हवामान, घड्याळाची वेळ, अॅपांच्या सूचना, प्रत्येकाची आपली बारीक मागणी. माणूस एकही नाही आणि रांग रस्त्यापर्यंत. त्यात फोटो वर चढणं सर्वांत घातक. खाली येणाऱ्या प्रत्येक तुकड्याची पोच वर पाठवावी लागते. वरची वाट फोटोंनी अडवली की पोच अडकते, आणि खालचंही थांबतं. एकाच्या फोटोंपायी सगळ्यांचं नेट बंद.

डायल-अपच्या काळात घराची रांग माणसांची होती. दादाचं झालं की ताई, ताईचं झालं की बाबांचा शेअर बाजार. भांडण व्हायचं, पण कोण वापरतंय हे सगळ्यांना माहीत असायचं. वाय-फायनं रांग यंत्रांच्या हवाली केली आणि यंत्रं एकमेकांना विचारत नाहीत. लाइन जाड असेतो हे खपून जातं. बारीक लाइनीवर हेच पहिल्यांदा उघडं पडतं. वेग कमी असण्यापेक्षा मोठा दोष हा, असं माझं मत या खटाटोपातून पक्कं झालं.

दुरुस्ती करता येते. मधल्या पायवर रांग लावणारी व्यवस्था बसवली. प्रत्येक यंत्राला आळीपाळीनं थोडं थोडं, आणि लहान निरोप मोठ्या ओझ्याच्या आधी. त्याहून गुणकारी निघाला एक शब्द. अँड्रॉइड फोन जेव्हा दुसऱ्या फोनला हॉटस्पॉट देतो, तेव्हा जोडणीच्या कागदपत्रांत 'मीटर्ड' अशी खूण पाठवतो, म्हणजे इथे माहिती मोजून मिळते, जपून वापर. हीच खूण पायकडूनही पाठवता येते. पाठवली, आणि अँड्रॉइड फोनांची मागच्या दारानं चाललेली बरीचशी ये-जा थांबली. टीव्ही मात्र बधला नाही. त्याला पायवरच बंदी घालावी लागली.

मग काय चाललं? व्हॉट्सअॅपचे शब्द ताबडतोब. मिनिटभराचा बोललेला निरोप अर्ध्या मिनिटाच्या आसपास, म्हणजे ऐकण्यापेक्षा लवकर. एक फोटो मिनिटात. ईमेलची अक्षरं बिनतक्रार. काय चाललं नाही, ती यादी मोठी. आजचं साधारण संकेतस्थळाचं पान दोन-अडीच मेगाबाइटचं असतं. आमच्या लाइनीवर त्याला दहा-बारा मिनिटं. पूर्वी साधं मजकुराचं पान तीस-चाळीस किलोबाइटचं असे आणि मॉडेम ते वाटेत दाबून आणखी लहान करी. आता सगळी माहिती कुलूपबंद होऊन येते, कुलूपबंद माल दाबता येत नाही. एका सरकारी संकेतस्थळावर दाखला काढायला बसलो. पान उघडलं, ओटीपी आला, तो टाकायची चौकट येईपर्यंत ओटीपीची मुदत संपली. यात दोष लाइनीचा म्हणावा, की गावखेड्यासाठी बांधलेल्या पानावर फिरती चित्रं चढवणाऱ्याचा? मी दुसऱ्या बाजूचा.

कमी माहितीत किती काम भागतं, याचा पुरावा कोल्हापूर-सांगलीकडे आहे. वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याभोवतीच्या ७० गावांसाठी १९९८मध्ये 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प आला. गावोगाव कॉम्प्युटरची केंद्रं, शेतकऱ्याच्या दारात इंटरनेट, अशी घोषणा. पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूच्या संशोधकांनी पाहिलं की केंद्रांचा मुख्य उपयोग उसाचं वजन, तोडीची चिठ्ठी, खताचा हिशेब एवढाच आहे. त्यांनी सात गावांत आठ महिने कॉम्प्युटरऐवजी मोबाइलच्या एसएमएसवर तेच काम चालवून पाहिलं. सगळं चाललं, स्वस्तात चाललं, आणि शेतकऱ्यांना ते जास्त आवडलं. एसएमएस म्हणजे १६० अक्षरं, १४० बाइट. आमच्या रडतखडत लाइनीवरून असे वीसेक निरोप एका सेकंदात गेले असते.

प्रयोग आवरताना भाच्यानं सहज विचारलं, "मामा, आमच्या घरी तं रोजच असं होते. त्याले एवढे डबे कायले पायजे?"

त्याचं खरं होतं. नाचणगावच्या त्यांच्या घरी फायबर नाही. ताईच्या फोनमध्ये रोजच्या दीड जीबीचं रिचार्ज आहे, आणि तिचा हॉटस्पॉट म्हणजे घराचं वाय-फाय. भाच्याचा क्लास, दाजींच्या बातम्या, आजीची कीर्तनं. संध्याकाळ होताहोता दीड जीबी संपतं. त्यानंतर नेट बंद पडत नाही, वेग खाली येतो. किती खाली? बऱ्याच प्लॅनांत ६४ किलोबिट, बीएसएनएलच्या अनेक प्लॅनांत ४०. जाहिरातीतलं 'अनलिमिटेड' ते हेच. टेलिफोनच्या आवाजी वाटेची कमाल मर्यादा ६४, आणि दिवसाचा डेटा संपल्यावर हाती उरतात तेही ६४. दूरसंचार नियामक ट्रायच्या अहवालात 'नॅरोबँड' हा रकाना अजून आहे. पण दिवसा ब्रॉडबँडमध्ये मोजली गेलेली आणि रात्री आठला नॅरोबँड झालेली घरं त्यात दिसत नाहीत. डायल-अप बिनतारी वाटून घेण्यासाठी मला दोन मॉडेमं, दोन पाय आणि भंगारातला इंटरकॉम लागला. वर्धा नदीच्या या काठावर कितीतरी स्वयंपाकघरांत ते रोज संध्याकाळी आपोआप होतं.

आणि त्या घरांत जुनी रांगही परत आली आहे. "दादा, हॉटस्पॉट बंद कर ना, माझी असाइनमेंट अपलोड होऊन नाही राहिली." "आजी, तुमचं कीर्तन सकाळी पाहा." मागच्या खोलीतली आरोळी पुढच्या खोलीत आली, एवढाच फरक. आमच्या प्रयोगातून ताईनं एकच गोष्ट उचलली. तिनं सगळ्यांच्या फोनांतला आपोआप फोटो चढवण्याचा आणि अॅप अद्ययावत करण्याचा पर्याय बंद केला. भाच्याच्या लॅपटॉपवर तिचा हॉटस्पॉट 'मीटर्ड' करून ठेवला. आठनंतर हॉटस्पॉट एका वेळी एकालाच, आधी ज्याचा अभ्यास त्याला. दाजींनी नवा स्मार्ट टीव्ही आणला आहे. त्याला तिनं पासवर्ड दिलेला नाही.